कावळ्याच्या घराचा गवंडी

आमच्या गावच्या शाळेतले मास्तर घरी आले आन म्हणाले, "बाबा, दिवाळीच्या अंकाला तुमच्या धंद्याचं काहीतरी लिहून द्या. माळवदाची घरं संपत चालली. तुमच्यामागं सांगणारा कुणी उरायचा न्हाई." माणसाला तोंडावर सांगायचं का तुझी जायची वेळ झाली, आन जाता जाता त्याच्याकडून काम बी करून घ्यायचं, हे शिकलेल्यालाच जमतं.

मी दोन बुकं शिकलो. तिसऱ्या बुकाच्या वेळेला बापानं हातात थापी दिली आन म्हणाला, "अक्षर वाकडं आलं तर मास्तर मारतो. भिंत वाकडी आली तर माणूस मरतो. तू भिंत शीक." तवापासून चाळीस सालं भोकरदन-जाफराबादच्या पट्ट्यात मी मातीची घरं बांधली, माळवदं घातली. निजामाच्या अमलात सुरू केलं, स्लॅब आला तवा थापी खाली ठेवली. पर लिहायला बसलो का माळवदाच्या आधी डोळ्यापुढं कावळाच येतो. त्याचं कारण आधी सांगतो.

माझी बायको गयाबाई यंदा संक्रांतीच्या आठ दिवस आधी गेली. ताप आला, तिसऱ्या दिवशी संपलं. आदल्या सांजेला मला म्हणाली, "सवण्यावर तगारी झाकली का?" सवणं म्हंजी माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं चौकोनी भोक. पावसात त्यावर लोखंडी तगारी, म्हंजी घमेलं, झाकतात. आता आमच्या घराला सवणं न्हाई. पोरानं स्लॅब टाकून बारा सालं झाली. आन पौष महिन्यात कुठला पाऊस? मी म्हटलं, "झाकली." पंचावन्न सालांच्या संसारात तिच्या बोलण्याला वाद न घालता हो म्हटल्याची ही पहिली बारी.

तेराव्याला पाहुण्यांची लेकरं अंगणात खेळत होती. माझी नात दुसऱ्या एका पोरीला सांगून राह्यली होती, "आमच्या आजीच्या गोष्टीत कावळा मरत न्हाई काही." माझ्या हातातला तांब्या हातातच राह्यला.

गोष्ट म्हंजी ती कावळ्या-चिमणीची, साऱ्या लेकरांना ठाऊक असलेली. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो चिमणीच्या दाराशी जातो, चिमणी आतून थांब थांब म्हणते, आन शेवटी कावळा हाल हाल होऊन मरतो. गयानं ही गोष्ट माझ्या लेकरांना सांगितली, मंग नातवंडांना, मंग आळीतल्या लेकरांना. किती बार, त्याची गणती न्हाई. आन मी ती एकदा बी शेवटपर्यंत ऐकली न्हाई. घर वाहून गेलं, इथपर्यंत गोष्ट आली का मी मधी तोंड घालायचो. लेकरं हसायची, गया चिडायची, मी उठून ओट्यावर जायचो. गोष्ट माझ्या माघारी घरात पुरी व्हायची. मी धरून चाललो होतो का शेवट काय, साऱ्या दुनियेला माहीत आहे तोच. आता कळलं का तिचा शेवट येगळा होता. आन सांगणारी तर गेली.

नातीला म्हटलं, "मंग कावळ्याचं होतं काय?"

"मला झोप लागायची," नात म्हणाली. "पुरी गोष्ट कौसाआत्याला येती."

कौसा माझी थोरली लेक, पिंपळगाव रेणुकाईला दिलेली. ती तिथंच पंगतीत वाढत होती. पर इतक्या पाहुण्यांत म्हाताऱ्यानं लेकीला गोष्ट सांग म्हणायचं, हे माझ्यानं झालं न्हाई. महिन्याभरानं तिच्या गावाला गेलो, ते पुढं सांगतो. आधी मी मधी तोंड काहून घालायचो ते ऐका. त्याच्यासाठी माळवद समजावं लागतं, म्हंजी मास्तरांचं काम बी होऊन जाईल.

माळवदाचं घर म्हंजी चार मातीच्या जाड भिंती आन वर मातीचंच छत. आधी लाकडाच्या तुळया, तुळयांवर आडवी बारीक लाकडं, म्हंजी कड्या, कड्यांवर दाट तुराट्या. त्यावर कडूनिंबाचा पाला, टाचेनं चांगला दाबून, म्हंजी उधई, वाळवी म्हणतात ती, लागत न्हाई. मंग भुसा घालून तुडवलेला चिखल. आन सगळ्यात वर वीतभर पांढरी माती. ही पांढरी जुन्या गावठाणातून, पडक्या घरांतून आणायची. शेतातली काळी माती वर टाकली तर उन्हाळ्यात भेगा पडतात, भेगांत पाणी शिरतं, आन घरधनी म्हणतो गवंडी चोर. पांढरी मात्र पाणी पडलं का मिटून बसते, सासूपुढं नवी सून बसते तशी. छताला उतार असा द्यायचा का माणसाच्या डोळ्याला दिसू नये आन पाण्याला बराबर समजावा. ते पाणी पनाळीनं अंगणात. पनाळ म्हंजी भिंतीबाहेर काढलेली लाकडाची चोच.

दर साली मिरगाच्या आधी वर ताजी माती टाकायची. आन एक चीज प्रत्येक घरात पाहिजेच, ती म्हंजी एका कोपऱ्यात कोरड्या पांढऱ्या मातीचा ढीग. पावसाळ्यात कुठं गळायला लागलं का माणूस पाटी घेऊन वर चढतो, गळतीच्या जागी कोरडी माती टाकतो आन पायानं तुडवतो. ओल्यावर ओली टाकून उपयोग न्हाई, नुसता काला होतो. घरात पीठ नसलं तर शेजारीण वाटीभर देते. झडीत कोरडी माती कुणी देत न्हाई, सख्खी बहीण बी न्हाई. हा ढीग ध्यानात ठेवा. त्यानंच माझं नाक कापलं.

आता सांगा, असा धंदा करणाऱ्याच्या घरात दिवे लागल्यावर बायको लेकरांना सांगून राह्यली का कावळ्याचं घर शेणाचं होतं आन पहिल्या पावसात वाहून गेलं. मी ताटावरून विचारायचो, "गवंडी कोण व्हता?"

"त्यानं सवताच बांधलं व्हतं," गया म्हणायची.

"तरीच. शेण लिपायला असतं, का भिंत घालायला? कडूनिंबाचा पाला टाकल्ता का? पनाळ कुठं काढल्ती?"

"कावळ्याच्या घराला पनाळ नसती."

"मंग पडंल न्हाई तर काय! यात शेणाची चूक न्हाई, कारागिराची हाय. लेकरांना बराबर सांग, न्हाई तर उद्या आपल्याच घरात निजायला भितील. आन ते मेणाचं घर! आपल्या जालन्याच्या उन्हात? पाडव्याला बांधलं तर अखितीला वघळून नदीला मिळंल. वर ती चिमणी आत चूल पेटवती, पाणी तापवती. मेणाच्या घरात! आधी त्या चिमणीला गावाबाहेर काढा. साऱ्या आळीला आग लावंल ती."

लेकरं लोळायची. गया म्हणायची, "चूल तिची अंगणात हाय."

"भर पावसात अंगणात चूल?"

"तुमी कावळ्याचे सोयरे हाय का वो? काहून त्याची बाजू घेऊन राह्यले?"

"धंद्यातला भाऊ हाय माझा."

"मंग जा त्याच्याकडं जेवायला," असं म्हणून ती माझ्या ताटाकडं पाठ करायची. मी हात धुऊन ओट्यावर.

माझ्या या बोलण्यामागं अजून एक काडी होती. आमचा चुलतभाऊ आसाराम दोन घरं टाकून राहायचा. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी त्यानं जालन्याहून गाडीभर पत्रे आणले आन गावातलं पहिलं पत्र्याचं घर केलं. त्याची बायको सखू, म्हंजी गयाची थोरली जाऊ, आडावर साऱ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणायची, "आमाला बाई दर साली माती टाकायची झंझट न्हाई." वैशाखातल्या दुपारी मात्र हीच सखू पोरं घेऊन माझ्या माळवदाखाली लवंडायला यायची, कारण पत्र्याखाली भाकर शेकून निघाली असती. गया तिला माठातलं पाणी द्यायची. मी बाहेरून म्हणायचो, "मेण वितळलं वाटतं आज." तर आमच्या आळीत चिमणी कोण आन कावळा कोण, हे कुणाला सांगायची गरज नव्हती.

गोष्टीतला दुसरा खोटेपणा म्हंजी राक्षसाचा. राक्षस एका रात्रीत सात मजली महाल बांधतो. ही गोष्ट लहानपणी ऐकून मोठा झालेला माणूस गिऱ्हाईक म्हणून आला का गवंड्याचं मरण. भोकरदनला एक पेन्शनीतला पोलीस जमादार होता. लेकीचं लग्न धरलं आन मला म्हणाला, "पंद्रा दिनमें घर होना. बिलकुल जल्दी."

मी म्हटलं, "साब, होना तो बहुत कुछ होना. मिट्टी सुनती नै."

"अरे, राक्षस एक रातमें महल खडा करता."

"राक्षसके भिंतीको सुखना नै पडता साब."

तो ऐकेना. आन मी, खरं सांगतो, जमादाराला भ्यालो. भिंती ओल्या असतानाच वर छताचं ओझं टाकलं. लग्नाच्या दिवशी वऱ्हाड दारात, नवरी आतल्या खोलीत नटून बसलेली, आन भिंती खाली बसल्या, थोड्या न्हाई, चांगल्या चार बोटं. दाराची चौकट दबली. दार हलंना. जमादारानं साऱ्या जिंदगीत जितकी दारं लाथेनं उघडली असतील, त्या सगळ्या लाथा घालून पाहिल्या. शेवटी मी वर चढलो, सवण्यातून दोर सोडला आन नवरीला वर ओढून घेतली. पोर हलकी होती म्हणून निभावलं. शिडीवरून ती शालू सांभाळत उतरली तवा वऱ्हाडी म्हणाले, अशी नवरी काही पाहण्यात न्हाई.

घरी येऊन गयाला सांगितलं. आठ दिवसांत तिच्या गोष्टीत एक राजकन्या आभाळातून उतरायला लागली.

"आभाळातून न्हाई, सवण्यातून," मी म्हटलं.

"गोष्टीत गवंड्याची चूक झाकावी लागती," गया म्हणाली.

तिसरी ती तहानलेल्या कावळ्याची. मडक्यात खडे टाकून पाणी वर आणतो तो. मी म्हटलं खोटं हाय. गया म्हणाली खरं हाय. मंग एका दुपारी आम्ही नवरा-बायको अंगणात मडकं घेऊन बसलो, लेकरं भोवती. मडक्यात तिसरा हिस्सा पाणी, आन मी एकेक खडा टाकत गेलो. मडकं काठापर्यंत खड्यांनी भरलं आन पाणी मधल्या फटींत कुठंतरी दडून बसलं. आधीच अर्ध्याच्या वर पाणी असलं तरच ते काठाला येतं. मी म्हटलं, "पाहिलं? तुझा कावळा मेला तहानेनं."

गयानं मडकं उचललं, तोंडावर पदर धरला आन तिरकं करून सारं पाणी गाळून वाटीत काढलं. "तुमच्यासारखा कावळा असता तर मेला असता," ती म्हणाली, "खड्यांचं गणित बराबर करून."

आता भोपळेवाल्या म्हातारीचं सांगतो. पोलीस ॲक्शनच्या, म्हंजी निजामाचं राज्य गेलं त्याच्या, दोन-तीन सालं आधीची गोष्ट, भादव्याचे दिवस. पावसानं जरा उघडीप दिल्ती. जाफराबादहून एका म्हातारीचा निरोप आला का माळवद गळून राह्यलं. जाऊन वर चढलो तर सारं माळवद भोपळ्याच्या वेलानं झाकलेलं. वेलाच्या पेरापेराला मुळ्या फुटलेल्या, त्या पांढऱ्या मातीत शिरलेल्या, आन मुळीच्या वाटेनं पाणी खाली म्हातारीच्या अंथरुणात.

"आजी, एक तर वेल ठेव, न्हाई तर छत," मी म्हटलं.

"छत तू करशील. वेल येतो का तुला करता?" खालून म्हातारी. "लेकीच्या गावचं बी हाय ते."

लेकीकडं जाऊन धष्टपुष्ट होऊन भोपळ्यात बसून परत येणारी म्हातारी गयाच्या गोष्टीत होतीच. मला राहवलं न्हाई. सगळ्यात मोठ्या भोपळ्याला मी सूत लावून मोजलं. म्हातारी ओरडली, "काय मापून राह्यला रे?"

"तू बसतीस का पाहतो."

"बसून जाऊ कुठं? दोन सालं झाली, लेकीनं बोलावलं न्हाई."

मी सूत गुंडाळलं. त्या भोपळ्यात म्हातारीचं डोकं बी मावलं नसतं, आन डोकं तर तिचं एवढंसं होतं. पर मला काय झालं काय माहीत. ठरवलं का वेल बी ठेवायचा आन छत बी. शेजारी बांबूचा मांडव घालून त्यावर वेल चढवायचा, मुळ्या काढून टाकायच्या, वर नवी माती घालायची. पर कोरडी माती कुठून आणायची? भादव्यात सारं गावठाण ओलं. म्हातारीच्या घरात ढीग न्हाई. मी दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन घरी आलो आन आमच्या कोपऱ्यातला ढीग पाट्या भरभरून गाडीत टाकायला लागलो.

गया दारात उभी राह्यली. "आन आपल्याला?"

"आपलं माळवद मी सवता घातलंय. ते गळत नसतं."

"दोन मिरगं झाली, वर माती पडली न्हाई. साऱ्या मुलखाची घरं झाली, आपलंच राह्यलं."

"घरचं हाय ते. कुठं पळून जातं का?" असं म्हणून मी बैल हाकलले. सुताराच्या घराला दार नसतं म्हणतात. गवंड्याच्या घराला छत असतं, पर ते पुढच्या सालच्या भरवशावर.

मांडव झाला, म्हातारीचं माळवद झालं, आन त्याच सांजेला झड लागली. पाच दिवस. नदी दोन्ही काठ सोडून वाहू लागली. उतारा बंद. मी म्हातारीच्या घरात अडकलो. छतातून एक थेंब न्हाई. म्हातारी रोज भोपळ्याची भाजी करायची आन वर बघून म्हणायची, "लेका, हात धरला तुझा देवानं." मी बी वर बघायचो आन मिशीवर हात फिरवायचो. माझी बायको, लेकरं कुठल्या छताखाली आहेत, हे मला तिसऱ्या दिवशी सुचलं. सुचलं तरी काय, नदी थोडीच ऐकते!

सहाव्या दिवशी उतारा मिळाला. घरी पोचलो. दारातून आत पाहिलं तर थेट चुलीपर्यंत दिसलं. सैपाकघराची मधली भिंत, छातीएवढी, ती जागेवर नव्हती. जमिनीला नुसती तिची रेघ. कौसा तवा नऊ सालांची, धाकट्याला मांडीवर घेऊन बसलेली. गया पायरीवर बसून पायांना घट्ट झालेला चिखल खापरीनं खरवडून राह्यली होती.

"भिंत कुठं गेली?" मी विचारलं.

"वर गेली," गया म्हणाली.

झडीच्या दुसऱ्याच दिवशी घर पाच ठिकाणी गळायला लागल्तं. ढीग नव्हता. तिनं पाहिलं का घरात कोरडी पांढरी माती अजून एकाच जागी आहे, ती म्हंजी मधल्या भिंतीत. पहार घेऊन तिनं ती भिंत पाडली, ढेकळं कुटली, पाटीनं वर नेली आन भर पावसात तीन दिवस तुडवली. अंगावर घोंगडं, डोक्यावर पाटी. माळवद उभं राह्यलं. पंधरा सालांच्या धंद्यात असा उपाय माझ्या डोक्यात आल्ता न्हाई, आन तो बराबर होता. मी तिला काहीतरी बोललो. ती उठून पाय धुवायला गेली.

ती भिंत मी पुढच्या महिन्यात नवी घातली, पहिलीपेक्षा चार बोटं जाड. त्या सालापासून मिरगाच्या आधीची पहिली पाटी आमच्या घरावर पडायची, मंग गिऱ्हाइकाच्या. मला वाटलं, तेवढ्यावर मिटलं.

आता पिंपळगावचं. माघात बसनं कौसाच्या घरी गेलो. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. तिच्या बी केसांत आता पांढरं आलंय. इकडचं तिकडचं झालं, मंग मी म्हटलं, "ती कावळ्याची गोष्ट. तुझी माय कशी सांगायची, तशी सांग."

कौसानं माझ्याकडं पाहिलं. "सांगते. तुमी ओट्यावर गेले का माय ती पहिल्यापासून नव्यानं, येगळीच सांगायची. पर बा, मधी बोलायचं न्हाई."

"न्हाई बोलत."

"एक कावळा व्हता. लई मोठा कारागीर. साऱ्या रानाची घरटी तोच बांधायचा. सवताच्या घराला हात लावायला तेवढी त्याला सवड नव्हती. एकदा तो लांब गेल्ता, एका म्हाताऱ्या घारीचं घर बांधायला. जाताना घरातली कोरडी माती बी घेऊन गेला."

मी तोंड उघडलं आन मिटलं.

"मागं झड लागली. घर गळायला लागलं. मंग कावळीण लेकरं घेऊन चिमणीच्या दारी गेली. म्हणली, दार काढ बाई, लेकरं भिजून राह्यली. चिमणी आतून म्हणली, जरा थांब, लेकराला निजवते. मंग म्हणली, जरा थांब, चूल सारवते. मंग म्हणली, थांब गं, लुगडं बदलते."

"चिमणी पहिल्यापासून नालायकच," मी म्हटलं.

"बा!" कौसानं उलथनं उगारलं. "इथं माय आमाला विचारायची, चिमणी दार काहून काढत न्हाई? आमी म्हणायचो, दुष्ट हाय. माय म्हणायची, न्हाई. कान द्या. आत काय वाजून राह्यलं? टप, टप, टप. चिमणीचं बी घर गळत व्हतं. मेणाला जागोजाग खिळ्यांची भोकं व्हती. घरभर भांडी मांडलेली. ती कारागिराच्या बायकोला दिसू नये म्हणून चिमणी एकेक भांडं उचलून लपवत व्हती."

मी चुलीकडं पाहत राह्यलो. मेणाला खिळे मारत न्हाईत. पत्र्याला मारतात.

"सखूकडं गेल्ती तुझी माय?"

"मी बी व्हते. धाकटा माझ्या कडेवर. माय दाराच्या फटीशी उभी व्हती, भांड्यांचा आवाज ऐकला, आन म्हणली, राहू द्या जाऊबाई, विस्तव मागायला आल्ते, घावला घरातच. आन माघारी फिरली."

"मला काहून सांगितलं न्हाई?"

"तुमी आसारामकाकाच्या दारात जाऊन भांडले असते. मंग साऱ्या गावात सांगत फिरले असते का पत्रा गळतो."

फिरलो असतो. सखूला जाऊन आठ सालं झाली, तरी त्या घडीला बी मला गावात परत जाऊन कुणाला तरी सांगावं वाटलं का तिचा पत्रा गळत होता. चाळीस सालं मी त्या गोष्टीची मापं काढली. पाला कुठं, पनाळ कुठं, मेण कसं टिकलं. चिमणी दार काहून उघडत न्हाई, हे मी एकदा बी विचारलं न्हाई. ते गयानं दारात उभं राहून, भिजत, ऐकून घेतलं आन मनात ठेवलं.

"मंग?" मी म्हटलं.

"मंग कावळिणीनं घरातली भिंत पाडली, छतावर नेली, तीन दिवस तुडवली. घर वाचलं, लेकरं वाचली. सहाव्या दिवशी कावळा आला." कौसा थांबली.

"आन?"

"माय इथंच थांबायची. आमी विचारायचो, कावळा काय म्हणला? ती म्हणायची, ते तुमच्या बापाला विचारा, त्याला ठावं हाय. मी एकदा ओट्यावर येऊन विचारलं बी व्हतं तुमाला. तुमी म्हणले, कावळे बोलत नसतात."

मला ते आठवलं न्हाई. पर बोललो असेन, माझंच वाक्य आहे ते.

"आता सांगा बा," कौसा म्हणाली. "काय म्हणला कावळा?"

मी घसा साफ केला. म्हाताऱ्या माणसाला खोटं बोलणं सोपं असतं, कुणी तपासत न्हाई. पर ही तर तवा तिथंच बसलेली होती, धाकट्याला मांडीवर घेऊन. तिला ठाऊक असणार. ती माझ्या तोंडून काढून राह्यली होती.

"म्हणला," मी म्हटलं, "मला विचारल्याबिगर भिंत काहून पाडली?"

कौसानं हाताचं पीठ झटकलं. मंग म्हणाली, "तरीच माय शेवट सांगत नव्हती."

बोलण्याच्या नादात तव्यावरची भाकर करपली होती. तिनं ती टाकून दिली न्हाई, उलथन्यानं उचलून माझ्या ताटात वाढली. मी मुकाट्यानं खाल्ली.